उणे एक कोटी एकोणतीस लाख

आपल्याकडे अजून आणे चालू असते, तर संगणकाच्या हिशेबातल्या बऱ्याच कटकटी झाल्याच नसत्या. वर्गात हे सांगितलं की पोरं हसतात. त्यांनी आणा पाहिलेलाच नाही. पण गोष्ट खरी आहे. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ जुने पैसे, म्हणजे रुपयाचे ६४. निम्मे, पुन्हा निम्मे, पुन्हा निम्मे. संगणकही अपूर्णांक असाच मांडतो, दोनाने भागत भागत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी यांतलं एकूण एक उत्तर त्याला तंतोतंत लिहिता येतं. पै तेवढी जमली नसती, कारण आण्याच्या १२ पया, आणि बारात तीन दडलेले. १ एप्रिल १९५७ ला नवा पैसा आला, रुपयाचे १०० भाग झाले. माणसांची सोय झाली, यंत्राची पंचाईत. दहा पैसे म्हणजे ०.१ रुपया, आणि ०.१ हा आकडा त्याला नेमका लिहिताच येत नाही. एकामागून एक दहा वेळा मिळवून बघा: उत्तर ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं.

माझे आजोबा जालन्याच्या मोंढ्यात एका अडतीवर मुनीम होते. निजामाचा हाली रुपया त्यांनी हाताळला, पुढे हिंदुस्थानी रुपया आला, मग नवा पैसा. तिन्हींचे हिशेब त्यांनी त्याच लाल वह्यांत, त्याच मांडीवर लिहिले. मी इथल्याच एका महाविद्यालयात पायथन ही संगणकाची भाषा शिकवते. पायथनमध्ये मोठी आकडेमोड करायची तर नमपाय या लायब्ररीला पर्याय नाही, आणि नमपायमध्ये काही बिघडलं की कारण शोधायला मागे, कधी कधी थेट १९९५ सालात जावं लागतं.

पायथन १९९१ साली बाहेर आली तेव्हा ती आकडेमोडीसाठी नव्हतीच. तिच्या यादीत प्रत्येक आकडा म्हणजे स्वतंत्र गाठोडं. दहा लाख आकडे मिळवायचे तर दहा लाख गाठोडी सोडा, बघा, बांधा. १९९५ मध्ये एमआयटीत शिकणाऱ्या जिम ह्यूगुनिनने न्यूमरिक नावाची लायब्ररी लिहिली. तिच्यात सगळे आकडे एकाच मापाचे, स्मृतीत एकाला एक लागून ठेवलेले, आणि बेरीज-गुणाकार आतून सी भाषेत. वेग कितीतरी पटींनी वाढला. त्याची किंमतही तेव्हाच ठरली: माप एकदा ठरलं की ठरलं, मावलं नाही तर आकडा सांडणार.

पुढे हबल दुर्बिणीची चित्रं हाताळताना न्यूमरिक अपुरी पडू लागली. बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटमध्ये पेरी ग्रीनफील्ड आणि सहकाऱ्यांनी नमअॅरे ही दुसरी लायब्ररी उभी केली. ती मोठ्या चित्रांना चपळ, लहान यादीला सुस्त. झालं, दोन तट पडले. एकीवर लिहिलेलं दुसरीवर धड चालेना. २००५ मध्ये ट्रॅव्हिस ऑलिफंट या युटातल्या तरुण प्राध्यापकाने दोन्ही एकत्र आणायचं मनावर घेतलं. संशोधनपत्रं लिहून बढती मिळवायच्या वयात हा माणूस लोकांचे दोन संसार एक करत बसला, आणि खर्चाला हातभार म्हणून त्याच लायब्ररीवरचं स्वतःचं पुस्तक विकत राहिला. ऑक्टोबर २००६ मध्ये नमपाय १.० आली.

या घराण्यात १९९५ पासून चालत आलेली एक रीत होती. पूर्ण अंकासाठी मुद्दाम माप सांगितलं नाही, तर सी भाषेतलं 'लाँग' हे माप धरायचं. पायथनचा त्या वेळचा साधा पूर्ण अंकही याच मापाचा, तेव्हा त्यात वावगं काही नव्हतं. पुढे संगणक ६४ बिटांचे झाले. लिनक्सने आणि मॅकने 'लाँग' ६४ बिटांचा केला. विंडोजने जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून तो ३२ बिटांचाच ठेवला. २००८ मध्ये पायथन ३ ने तर मर्यादाच काढून टाकली, हवा तेवढा मोठा अंक लिहा. नमपायची रीत मात्र तशीच राहिली.

त्याचा प्रत्यय आमच्या प्रयोगशाळेत आला. मोंढ्यातल्या एका अडतीच्या वर्षभराच्या पट्ट्या मुलांना प्रकल्पासाठी दिल्या होत्या: सोयाबीन, कापूस, मोसंबी. ०.१ चं रडगाणं नको म्हणून सगळ्या रकमा मी पैशांत, पूर्ण अंकांत लिहायला लावल्या होत्या. उलाढाल साधारण तीन कोटी रुपयांची. एका मुलाच्या विंडोज लॅपटॉपवर बेरीज आली उणे. “मॅडम, शेठ बुडाला,” तो म्हणाला. शेजारच्या उबुंटू लिनक्सवर तोच प्रोग्राम, त्याच पट्ट्या, आणि बेरीज अगदी बरोबर.

अशा वेळी मुलं आधी पट्ट्या तपासतात, मग स्वतःचा प्रोग्राम, मग सगळं पुन्हा इन्स्टॉल करतात. मी त्यांना उणे आकड्याकडेच बघायला सांगते. बत्तीस बिटांत मावणारा सर्वांत मोठा धन अंक २,१४,७४,८३,६४७. इतके पैसे म्हणजे २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. त्यावर एक पैसा चढला की काटा फिरून ऋण टोकाला जातो. बरोबर तीन कोटी रुपये धरले, तर पैसे होतात ३,००,००,००,०००. त्यातून दोनाचा बत्तिसावा घात, ४,२९,४९,६७,२९६, वजा करा. उरतात उणे १,२९,४९,६७,२९६ पैसे, म्हणजे सुमारे उणे एक कोटी एकोणतीस लाख रुपये. मुलाच्या पडद्यावर त्याच्याच आसपासचा आकडा होता. इशारा नाही, लाल अक्षरं नाहीत. प्रत्येक बेरजेला ‘मावलं का?’ विचारत बसलं तर ज्या वेगासाठी हा खटाटोप केला तो जातो, म्हणून नमपाय विचारत नाही. इलाज एका शब्दाचा: यादी बनवताना डीटाइप, म्हणजे आकड्याचं माप, इंट६४ सांगायचा.

अपूर्णांकांच्या बेरजेचा किस्सा याहून सुखाचा आहे. आजोबांच्या वहीत पानाची बेरीज पुढच्या पानावर नेत, एक लांबलचक साखळी शेवटच्या पानापर्यंत जायची. नमपायही बरीच वर्षं असंच करायची, आणि प्रत्येक बेरजेतली बारीक खोट पुढे पुढे साचायची. २०१४ च्या १.९ आवृत्तीपासून ती यादीचे निम्मे-निम्मे भाग करून त्यांची वेगवेगळी बेरीज करते आणि मग त्या बेरजा जोडते. जणू प्रत्येक पानाची बेरीज तिथेच बंद करून शेवटी फक्त पानांचे आकडे मिळवले. खोट फार कमी साचते आणि वेळही वाढत नाही. हे सगळ्याच बेरजांना लागू नाही. आडव्या-उभ्या तक्त्यात कोणत्या दिशेने मिळवता यावर ते अवलंबून आहे. म्हणून दोन दिशांनी केलेली बेरीज शेवटच्या घरात जुळली नाही तर घाबरू नये.

आपल्याकडे ही विद्या पवईमार्गे आली. केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञानातून शिक्षणाच्या राष्ट्रीय मोहिमेतून आयआयटी मुंबईत मुक्त सॉफ्टवेअरचा फॉसी प्रकल्प सुरू झाला. विमानविद्या विभागातले प्रभू रामचंद्रन हे त्रिमितीय चित्रं काढणाऱ्या मायावी या पायथन प्रणालीचे कर्ते. त्यांच्या पुढाकाराने वैज्ञानिक पायथनची भारतातली पहिली परिषद २००९ च्या डिसेंबरात तिरुवनंतपुरमला भरली. कण्णन मौदगल्य यांच्या स्पोकन ट्युटोरियलने छोट्या छोट्या चित्रफिती मराठीतही आणल्या. इंटरनेट धड नसलेल्या तालुक्याच्या कॉलेजात त्या पेनड्राइव्हवरून चालतात, याचं मोल मोठ्या शहरातल्या माणसाला कळायचं नाही.

आणि मराठवाड्याला हे परकं समजायचं कारण नाही. गुरुत्वीय लहरींचा क्षीण संकेत गोंगाटातून कसा वेचायचा, यावर पुण्याच्या आयुका या संशोधन संस्थेत संजीव धुरंधर अनेक दशकं काम करत आले. १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर पकडली गेली. तिची आधारसामग्री ती पकडणाऱ्या लायगो वेधशाळेने जगासाठी खुली केली तेव्हा सोबतची उदाहरणं पायथन आणि नमपायमध्येच होती. आमची मुलं ती चालवून बघतात. लायगोची भारतातली वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ व्हायची आहे.

एवढं जग जिच्यावर उभं, तिच्या देखभालीसाठी खास पैसा मिळाला तो २०१७ साली, मूर फाउंडेशनकडून. तोवर चार्ल्स हॅरिससारखे लोक आवृत्त्या काढत, तक्रारी निस्तरत होते ते बहुतेक पदरमोड करूनच. मला हे लाजिरवाणं वाटतं. नमपायवर धंदा उभारणाऱ्यांनी त्याआधीची अकरा वर्षं नेमकं काय केलं, हे त्यांना विचारायला हवं.

विंडोजवरची ती ३२ बिटांची रीत १६ जून २०२४ ला, २.० आवृत्तीत मोडली. आता ६४ बिटांच्या विंडोजवरही ६४ बिटांचाच अंक धरला जातो. १.० नंतर जवळजवळ अठरा वर्षांनी. इतका उशीर आळसामुळे नाही. आतली मांडणी बदलली की नमपायवर बांधलेल्या लायब्रऱ्या नव्याने बांधाव्या लागतात, आणि त्या तर असंख्य. तसंच झालं, २.० आल्यावर कित्येक जुने प्रोग्राम अडले. आमच्या प्रयोगशाळेत निम्म्या संगणकांवर अजून १.२६ आहे, कारण एका जुन्या पॅकेजला दुसरं चालत नाही. तेव्हा जर्नलमध्ये प्रयोगाच्या नावाखाली पहिल्या ओळीत मुलं आवृत्तीचा क्रमांक लिहितात, दुसऱ्या ओळीत डीटाइप, आणि तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच असतो.