पावठीची कुळकथा

कातळकड्यावर चढण्यासाठी दगडात खोदलेली, जेमतेम पावलाचा चवडा मावेल एवढी जागा म्हणजे पावठी. तिच्या वरच्या अंगाला हाताची बोटे रोवण्यासाठी केलेली खाच म्हणजे खोबणी. पाय, पाऊल, पायरी या शब्दांच्याच कुळातला हा शब्द आहे, तरी पायरी आणि पावठी यांत मोठा भेद आहे. पायरीवर माणूस ताठ चालतो, त्याचे हात मोकळे राहतात आणि डोक्यावर ओझे असले तरी अडत नाही. पावठीवर मात्र दोन्ही हात कातळाला द्यावे लागतात, म्हणजेच शस्त्र वा ओझे सोडावे तरी लागते किंवा पाठीला बांधावे लागते. पावठीचा सारा इतिहास या एका भेदातून उलगडतो.

जुन्नरच्या परिसरात कातळ खोदण्याची विद्या सातवाहनकाळापासून नांदत आहे. नाणेघाटातील नागनिकेचा शिलालेख, घाटाची खोदीव वाट आणि लेण्याद्री, तुळजा, मानमोडी व शिवनेरी येथील लेणी ही सर्व छिन्नी-हातोड्याची कामे आहेत. कड्याच्या पोटात लेणे कोरणाऱ्या पाथरवटाला आधी तेथवर पोहोचणे भाग होते, त्यामुळे पाय ठेवण्यापुरती खाच ही लेण्याच्याही आधीची गरज होती. पुढे या डोंगरांचे किल्ले झाले तेव्हा त्याच विद्येने पायऱ्या घडवल्या. परंतु किल्ल्याच्या पायरीने चढणाऱ्याची सोय पाहावी तशीच त्याची अडवणूकही करावी, अशी अपेक्षा असे. शिवनेरीच्या मुख्य वाटेवर एकामागून एक सात दरवाजे आहेत, तर जुन्नर शहराच्या बाजूने कड्यावर चढणाऱ्या वाटेला, हाताशी लोखंडी साखळी धरून चढावे लागत असल्यामुळे, साखळीची वाट असेच नाव पडले आहे.

तट किंवा कडा ओलांडण्याचे मराठ्यांचे साधन म्हणजे माळ. बखरींत हा शब्द दोराच्या शिडीसाठी येतो. माळ वर बांधल्याशिवाय तिचा उपयोग नसल्याने एक-दोन पटाईत गडी आधी केवळ हातापायांच्या बळावर वर जात, माळ पक्की करून खाली सोडत आणि मग बाकीचे चढत. इ. स. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांच्या सैन्याने रात्रीच्या वेळी जुन्नर शहराच्या तटाला दोराच्या शिड्या लावून आत प्रवेश केला व तीन लक्ष होन आणि दोनशे घोडे नेले, असे इतिहासकारांनी नोंदवले आहे.

पावठीच्या इतिहासाला खरे वळण मिळाले ते १८१८ मध्ये. पेशवाईच्या अखेरीस मेजर एल्ड्रिज याच्या ब्रिटिश फौजेने मे महिन्यात जुन्नरजवळचे चावंड व जीवधन हे किल्ले घेतले. डोंगर पाडणे शक्य नव्हते आणि प्रत्येक गडावर शिबंदी ठेवणे परवडणारे नव्हते, म्हणून सुरुंगाच्या दारूने पायऱ्याच उडवून देण्यात आल्या. गडावर पुन्हा सैन्य चढू नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. जेथे पायरी उडाली तेथे उरलेल्या खाचांतून व नव्याने केलेल्या खोबण्यांतून माणसे वाट काढू लागली आणि पायरीने मागे सारलेली पावठी पुन्हा कामाला आली.

सैन्याने स्वतःच्या सरावासाठी कृत्रिम अडथळे उभारण्याची आधुनिक पद्धत यानंतर बरीच उशिरा रूढ झाली. जॉर्ज हेबेर या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने विसाव्या शतकाच्या आरंभी धावणे, चढणे, उडी मारणे, तोल सांभाळणे या नैसर्गिक हालचालींवर आधारलेली व्यायामपद्धती मांडली, तिचा प्रभाव फ्रेंच सैन्याच्या अडथळ्यांच्या मार्गावर पडला. दक्षिण आफ्रिकेतील बोअर लोकांच्या घोडेस्वार पथकांचे ‘कमांडो’ हे नाव ब्रिटिशांनी १९४० मध्ये आपल्या विशेष पथकांना दिले, आणि पुढे स्कॉटलंडमधील अक्नाकॅरी येथे त्यांना कडे, दोर व नद्या ओलांडण्याचे शिक्षण मिळू लागले. भारतात १९४८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्र सेनेने या मार्गाची सौम्य आवृत्ती विद्यार्थ्यांपर्यंत आणली. तोल सांभाळण्याची फळी, उंच भिंत, दुहेरी खंदक, उतरण हे तिचे ठरलेले अडथळे होत. सैनिक नसलेल्या तरुणाला सैनिकी अडथळ्यांची ओळख बहुधा येथेच होते.

जुन्नरच्या गडांवर मात्र अशी भिंत बांधावी लागत नाही. घाटघरच्या बाजूने जीवधन चढणाऱ्याला पायऱ्या संपताच उभा कातळ सामोरा येतो. तेथे पायाचा चवडा पावठीत आडवा रोवायचा, बोटांनी वरची खोबणी चाचपायची, चारांपैकी तीन अवयव दगडावर पक्के झाल्यावरच चौथा हलवायचा, हाच नियम असतो. पावसाळ्यात शेवाळ धरले की त्याच पावठ्या निसरड्या होतात. उतरताना तोंड कातळाकडे करावे लागते व पुढची पावठी दिसत नसल्यामुळे ती पायानेच शोधावी लागते. चावंडवर आता लोखंडी कठडे बसवले आहेत, आणि तुटलेल्या वाटेवर लहान तोफेची एक नळी कातळात उभी रोवलेली आहे. एके काळी आग ओकणारे ते लोखंड आज चढणाऱ्याच्या हाताला आधार देते.

सैन्याला रोखण्यासाठी केलेला विध्वंस अशा रीतीने सामान्य माणसाच्या धैर्याची पाठशाळा झाला आहे. म्हणून किल्ल्याचे जतन करताना दरवाजा, तट व तलाव यांच्याइतकाच मान पावठीलाही मिळायला हवा. सोयीसाठी ती बुजवणे, रंगाने खुणावणे किंवा शेजारी नवी खाच पाडणे म्हणजे कातळावर लिहिलेली नोंद खोडणे होय. शिलालेख वाचायला लिपी यावी लागते. ही नोंद मात्र ज्याला पाऊल टेकवता येते त्या प्रत्येकाला वाचता येते, आणि गडावरून सुखरूप खाली येण्यासाठी ती त्याला उतरताना पुन्हा एकदा, उलट क्रमाने, वाचावीच लागते.