हॉलची किल्ली कुणाकडे?

मंडळी, पहिलं महायुद्ध १९१८ साली थांबलं. इंग्लंडच्या खेड्याखेड्यांतून पोरं लढायला गेली होती. कितीतरी परत आलीच नाहीत. मग गावोगाव एकच चर्चा: त्यांची आठवण म्हणून काय करायचं? बऱ्याच गावांनी दगडी क्रॉस उभा केला. काही गावं म्हणाली, आपण हॉल बांधू.

त्याआधी गावात चार माणसं जमायची कुठे? चर्च पाद्र्याचं. पुष्कळ गावांत शाळेवरही त्याचाच वचक. पबमध्ये बायकांनी जाणं बरं दिसत नसे. राहिला जमीनदाराचा वाडा, तिथं बोलावल्याशिवाय कोण जाणार?

बरं, दिवसही काही सुगीचे नव्हते. सरकारनं १९२१ साली धान्याचा हमीभाव मागे घेतला आणि शेतमजुरांचं वेतन मंडळही मोडलं. आठवड्याला ४६ शिलिंगांपर्यंत गेलेली मजुरी नॉरफॉकमध्ये १९२३ पर्यंत २५ शिलिंगांवर आली, तीही संप करून टिकवावी लागली. तरी लोकांनी वर्गणी काढली. पत्त्यांचे डाव, नाच, जुन्या सामानाची विक्री, जे जमेल ते केलं. कुठे लष्कराची जुनी लाकडी बराक आणून उभी केली. पुढे कार्नेगी ट्रस्टची अनुदानंही मिळाली. कारभार गावच्या कमिटीकडे.

या हॉलमध्ये काय व्हायचं? शनिवारी नाच. कधी तान्ह्या बाळांचं वजन. १९१९ च्या कायद्यानं काउंटी कौन्सिलांना वाचनालयं काढता आली, तेव्हा पुस्तकांच्या पेट्या खेड्यांत फिरू लागल्या. आणि महिन्यातून एकदा विमेन्स इन्स्टिट्यूट, म्हणजे गावातल्या बायकांचं मंडळ.

लोक या मंडळाला मुरंब्यावरून ओळखतात. पण त्याची खरी गंमत नियमात होती. कमिटी निवडायची ती गुप्त मतदानानं. जमीनदारीणबाई आणि तिच्याच शेतावर राबणाऱ्या मजुराची बायको, दोघींची चिठ्ठी सारखीच. खोटं कशाला बोलू, अध्यक्षपद पुष्कळदा बाईंकडेच जायचं. पण हात वर करून नव्हे, चिठ्ठी टाकून. सरकारनं २१ वर्षांच्या बाईला मताचा हक्क दिला १९२८ साली. गावच्या हॉलमध्ये ती त्याआधीपासून मत देत होती.

आणि ही चिठ्ठी नुसती खेळातली नव्हती. १९१८ सालीच या मंडळांच्या महासंघानं खेड्यांत धड घरं बांधा म्हणून ठराव केला होता.

क्रॉसनं मेलेल्यांची नावं जपली, ते हवंच होतं. हॉलनं जिवंत माणसांना एका छपराखाली बसवलं, बोलायला लावलं, हिशेब मागायला शिकवलं. गावाची लोकशाही संसदेतून खाली येत नाही. ती अशा चार भिंतींतून, रजिस्टर लिहून, वर्गणीची पावती फाडून वर जाते.

म्हणून कुठल्याही गावात नवा हॉल दिसला, की मी आधी कोनशिलेवरची नावं वाचत नाही. विचारतो, किल्ली कुणाकडे असते? तुमच्या गावात कुणाकडे आहे? खाली लिहा.