क्लॅरिओनेटचे सांधे

कोपरखैरणें ठाण्याच्या खाडीच्या कांठीं वसलेलें. पावसाळ्यांत तेथील दमट हवेनें क्लॅरिओनेटचें काळें लांकूड फुगतें आणि सांधे आवळून बसतात. घरीं वाद्य उघडून पुसणें हें मग हौसेचें राहत नाहीं. पांच भाग सुटे होतात, आणि त्यांबरोबर वाद्याचा इतिहासहि उलगडतो.

१७०० च्या सुमारास न्यूरेंबर्गच्या योहान क्रिस्टोफ डेनरनें तें घडविलें, तेव्हां चाव्या दोनच होत्या. सांध्यांवर तेव्हां सूत गुंडाळीत; बुचाची साल पुढें आली. मराठी राजांशींहि या वाद्यकुळाची गांठ पडली : तंजावरास दुसऱ्या सरफोजींच्या (१७९८–१८३२) दरबारीं पाश्चात्त्य बँड होता, आणि दक्षिणेच्या नृत्यमेळांत क्लॅरिओनेट रुळलें.

जुन्या चाव्यांखालीं सपाट चामडें असे. फटींतून वारा निसटे. ईव्हान म्यूलरनें लोकर भरलेल्या गाद्या बसविल्या. त्याचें तेरा चाव्यांचें वाद्य पॅरिसच्या संगीतविद्यालयाच्या समितीनें १८१२ मध्यें नाकारलें. परीक्षकांचे कान नेहमीं शहाणे असतातच असें नाहीं! आजहि जपावें लागतें तें गाद्यांनाच. ओल टिपण्यास त्यांखालीं पातळ कागद सरकवितात.

१८३९ ते १८४३ या काळांत क्लोझे आणि ब्यूफे यांनीं कड्यांची रचना सिद्ध केली. तींत दोन नळ्यांच्या चाव्या एका नाजूक पुलानें जोडलेल्या असतात. पुन्हां जोडतांना वरच्या नळीची कडी दाबली कीं पूल उचलला जातो. न दाबतां नळी पिळणाऱ्याच्या हातीं वांकडी चावी येते.