होलोकॉस्ट संग्रहालयांतील ‘आधीचे’ जीवन आणि मुंबईचे ज्यू निर्वासित

नाझी जर्मनीने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुमारे 60 लाख युरोपीय ज्यूंची हत्या केली. या संहाराला होलोकॉस्ट किंवा हिब्रू भाषेत शोआ म्हणतात. त्यासंबंधीच्या संग्रहालयांत पूर्वी छावण्या आणि मृतदेहांच्या छायाचित्रांवर भर असे. आता बहुतेक महत्त्वाच्या संग्रहालयांत मारले गेलेले लोक त्याआधी कसे जगत होते, हे प्रथम दाखविले जाते.

वॉशिंग्टन येथील संग्रहालय 1993 मध्ये खुले झाले. तेथील तीन मजली उंच मनोऱ्यात लिथुआनियातील एशिशोक या एकाच गावातील ज्यूंची सुमारे एक हजार छायाचित्रे आहेत. त्यांत लग्ने, सहली, शाळेचे वर्ग आणि नटूनथटून छायाचित्रकारासमोर बसलेली कुटुंबे दिसतात. सप्टेंबर 1941 मध्ये अवघ्या दोन दिवसांत ही वस्ती नष्ट करण्यात आली. त्या गावात बालपण गेलेल्या याफा एलियाख यांनी ही छायाचित्रे घरोघरून मिळविली. वॉर्सा येथील पोलिन संग्रहालयाचे मुख्य प्रदर्शन 2014 मध्ये सुरू झाले असून त्यात पोलंडमधील ज्यूंचा हजार वर्षांचा इतिहास मांडला आहे.

वॉर्सा घेट्टोतील इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लुम यांचा संग्रह याहून वेगळा आहे. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळकरी मुलांचे निबंध, शिधापत्रिका, जाहिराती, अगदी मिठाईची वेष्टनेही जपली आणि पत्र्याच्या पेट्यांत व दुधाच्या कॅनमध्ये भरून जमिनीत पुरली. त्यांतील एक भाग 1946 मध्ये, तर दुसरा 1950 मध्ये सापडला. आपला इतिहास मारेकऱ्यांनी लिहू नये, यासाठी केलेली ही तजवीज होती.

या इतिहासाचा महाराष्ट्राशीही संबंध आहे. 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आल्यानंतर जर्मनी, ऑस्ट्रिया व चेकोस्लोव्हाकियातून काही ज्यू मुंबईत आले. त्यांच्या साह्यासाठी 1934 मध्ये येथे ज्यूइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. संगीतकार वॉल्टर कॉफमन मुंबई नभोवाणीवर काम करीत. आकाशवाणीची सर्वपरिचित संकेतधून त्यांची मानली जाते. कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन, चित्रकार वॉल्टर लँगहॅमर आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंजर यांनी आरा, रझा, हुसेन या तरुण चित्रकारांना पाठबळ दिले. लँगहॅमर स्वतः ज्यू नव्हते, त्यांच्या पत्नी ज्यू होत्या. मुंबईच्या आधुनिक चित्रकलेवर या तिघांचे ऋण मोठे आहे, हे निःसंकोच म्हणता येते.

मात्र हा आसरा निर्धास्त नव्हता. सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने जर्मन पारपत्र असलेल्या अनेकांना शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरवून अटक केली. अहमदनगरच्या छावणीत नाझी आणि नाझींपासून पळालेले ज्यू एकाच कुंपणात आले. पुढे काहींना पुरंदर व सातारा येथे देखरेखीखाली राहावे लागले. नोव्हेंबर 1941 मध्ये जर्मनीने परदेशस्थ ज्यूंचे नागरिकत्वच काढून घेतले.

कोकणातील बेने इस्रायल समाजाचा अनुभव मात्र निराळा होता. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ अशी ओळख असलेला हा मराठीभाषक समाज येथे शतकानुशतके धार्मिक छळाविना राहिला. जेरुसलेमच्या इस्रायल संग्रहालयाने 1995 मध्ये भारतीय ज्यूंच्या जीवनावर प्रदर्शन भरविले. घरगुती वस्तू, वस्त्रे व विधींतून एक जग उभे करण्याची पद्धत तीच होती. पण त्या जगाचा शेवट संहारात झालेला नाही. त्यातील बहुतेक जण स्वेच्छेने इस्रायलला गेले.

मुंबईत आलेल्यांत चित्रकार मॅग्दा नाख्मान यांचाही समावेश होता. पीटर्सबर्ग येथे जन्मलेल्या, पित्याकडून ज्यू असलेल्या मॅग्दा भारतीय क्रांतिकारक एम. पी. टी. आचार्य यांच्या पत्नी होत्या. हे दाम्पत्य नाझी सत्तेवर आल्यानंतर बर्लिनमधून निघाले. फेब्रुवारी 1951 मध्ये मुंबईत त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. उद्घाटनाच्या काही तास आधी त्यांचे निधन झाले होते.