सिम्स यांच्या चित्रातल्या तिघी

‘सिम्स स्पेक्युलम’ हे उपकरण आम्ही होमिओपॅथीचे विद्यार्थीही शिकलो. अनार्का, ल्यूसी, बेट्सी ही नावे मात्र आम्हाला कोणी सांगितली नाहीत. बाळंतपणात मूत्राशय व योनी यांच्यामध्ये पडणारे छिद्र शिवण्याचे प्रयोग डॉ. मॅरियन सिम्स यांनी अमेरिकेत, अलाबामातील माँटगोमेरी येथे १८४५ ते १८४९ या काळात केले, ते या गुलाम कृष्णवर्णीय स्त्रियांवर. आणि भूल न देता. एकट्या अनार्कावर सुमारे ३० शस्त्रक्रिया!

पुढे रॉबर्ट थॉम यांनी पार्क-डेव्हिस या औषधकंपनीसाठी हा प्रसंग रंगवला. सिम्स हाताची घडी घालून उभे, एकजण टेबलावर गुडघे टेकलेली, दोघी पडद्याआडून डोकावताहेत. रक्ताचा थेंब नाही, कळ नाही. शेवटी ती जाहिरातच.

२०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून सिम्स यांचा पुतळा हलवण्यात आला. २०२१ मध्ये मिशेल ब्राउडर या कृष्णवर्णीय शिल्पकर्तीने टाकाऊ धातू जोडून तिघींची शिल्पे माँटगोमेरीतच उभारली. अनार्का जवळजवळ १५ फूट उंच. गर्भाशयाच्या जागी पोकळी. त्याच शहरात, विधिमंडळाच्या आवारात, सिम्स यांचाही पुतळा आहे, १९३९ सालचा.