चढवलेली दोरी

वसुबारसेची संध्याकाळ होती. विठ्ठलवाडीला आमच्या इमारतीच्या अंगणात मुलांचा किल्ला उभा राहिला होता. विटांचे तुकडे, गोणपाट आणि बांधकामावरून मागून आणलेली माती, एवढ्या भांडवलावर बुरूज चढले होते. पेरलेले अळीव उगवून डोंगर हिरवा झाला होता, आणि शिवाजीमहाराज सिंहासनावर बसले होते. नातू मात्र एवढ्यावर समाधानी नव्हता. त्याला महादरवाजासाठी एक ‘यंत्र’ हवे होते. बांबूची कांब, एक फळकूट, सुतळी आणि कपडे वाळत घालायचा चिमटा इतक्या सामग्रीतून त्याने एक आडवे धनुष्य तयार केले. सुतळी मागे ओढून चिमट्यात अडकवायची, पुढे खराट्याची काडी ठेवायची आणि चिमटा दाबायचा. काडीच्या टोकाला इजा नको म्हणून ओल्या मातीचा गोळा. एकंदरीत काम बेताचे असले तरी ताण मात्र भलताच बसला होता.

तो ते ताणून मला दाखवायला आला आणि थबकला. नेम धरायच्या जागी त्याची ताई रांगोळीचे ठिपके मोजत बसली होती. इकडे भिंत, तिकडे शेजाऱ्यांची काच. आतून आई फराळाचे ताट चाखायला बोलावत होती. हातातले धनुष्य खाली ठेववेना, की सोडवेना. मग त्याने मला विचारले, “आजोबा, आता हे बाण न मारता उतरवू कसे? सांगा ना तुम्ही.”

प्रश्न साधा होता, पण मी चपापलो. आयुष्यभर इतिहासाची पुस्तके चाळली. धनुष्य कसे ताणले, बाण कसा सुटला, कोण पडला, याची वर्णने त्यांत पानोपानी. ताणलेले धनुष्य परत कसे उतरवले, हे सांगण्यात मात्र बखरकारांना फारसा रस दिसत नाही. वास्तविक जितके बाण सुटले, त्याहून कितीतरी अधिक वेळा माणसाने दोरी ताणून पुन्हा सैल सोडली असेल.

साध्या धनुष्याला हा प्रश्न पडतच नाही. आपल्या ठाणे जिल्ह्याच्या डोंगरपट्टीतले वारली, ठाकूर, कातकरी पिढ्यान् पिढ्या तिरकमठा वापरत आले. त्यात ओढणारा हात आणि धरून ठेवणारा हात एकच. सावज दिसेनासे झाले, मध्ये दुसरा माणूस आला, की हात हळूच पुढे न्यायचा, बाण काढून घ्यायचा, संपले. हात भरून येतो, म्हणून ताणलेले धनुष्य फार वेळ धरताही येत नाही. शरीरच विचार करायला लावते. काम झाले की दोरी एका टोकावरून सोडवून ठेवायची, कारण सतत ताणलेली कांब वाकडीच बसते आणि तिचा जोर जातो. ‘सज्ज’ या आपल्या शब्दाचे मूळ कोशकार ‘सज्य’ म्हणजे ‘दोरी चढवलेले’ या शब्दात सांगतात. कायम सज्ज राहणे धनुष्यालाही सोसत नाही, हे जंगलातल्या माणसाला शब्दकोश न उघडता माहीत होते.

आडव्या धनुष्याने हा हिशेब बदलला. ही युक्ती फार जुनी. चीनमध्ये इ. स. पूर्व चौथ्या शतकात सैन्ये तिचा सर्रास वापर करीत होती. शिआनजवळ १९७४ मध्ये सापडलेल्या मातीच्या सैन्यापाशी अशा धनुष्यांचे ब्राँझचे चाप निघाले आहेत. मध्ययुगीन युरोपात तिचा मोठा बोलबाला झाला. लाकडी दांड्यावर धनुष्य आडवे बसवायचे, दोरी मागे ओढून एका गोल फिरकीच्या खाचेत अडकवायची, आणि ती फिरकी खालच्या लांब चापाने रोखून धरायची. चाप दाबला की फिरकी फिरते, दोरी सुटते. पुढे कांब पोलादाची आली, तेव्हा नुसत्या हातांनी ती ताणणे अशक्य झाले आणि त्यासाठी तरफा, रहाट, दातेरी चाके निघाली. सर राल्फ पेन-गॉलवे या इंग्रज गृहस्थाने पंधराव्या शतकातले एक जुने आडवे धनुष्य दुरुस्त करून त्याचा बाण वेल्समधल्या मेनाय सामुद्रधुनीवरून पलीकडे पाठवला. अंतर सुमारे साडेचारशे यार्ड. त्याची दोरी ओढायला १२०० पौंडांचा, म्हणजे साडेपाचशे किलोंच्या आसपास जोर लागत असे. त्याचा या विषयावरचा ग्रंथ १९०३ साली प्रसिद्ध झाला.

आता यातली गोम पाहा. एकदा ताणले की हे धनुष्य ताणलेलेच राहते. माणूस दमत नाही, हात भरून येत नाही. धरून ठेवण्याचे कष्ट यंत्राने घेतले, आणि त्याबरोबर परत फिरण्याची सोयही काढून घेतली. बाण बाजूला काढून नुसताच चाप दाबला तर? तो तर सगळ्यांत वाईट मार्ग. एरवी जो जोर बाण घेऊन जातो, त्याला जायला वाट उरत नाही. तो दोरीत आणि कांबेतच आदळतो. दोरी तुटते, कांब फुटते, आणि तुकडे ज्याच्या हातात धनुष्य त्याच्याच तोंडावर येतात.

मग जुने तिरंदाज ते उतरवीत कसे? ज्या वाटेने चढवले त्याच वाटेने, उलट्या पावलांनी. आधी बाण काढून घ्यायचा. धनुष्याचे तोंड माणसांपासून दूर, जमिनीकडे. मग ज्या रहाटाने किंवा तरफेने दोरी ओढली, तेच साधन पुन्हा लावायचे आणि दोरी आणखी किंचित मागे ओढायची. दोरीचा भार फिरकीवरून निघून त्या साधनावर आला, म्हणजे चाप दाबून फिरकी मोकळी करायची, आणि रहाट हळूहळू उलटा फिरवीत दोरी पुढे जाऊ द्यायची. मध्येच हात निसटला तर सगळा जोर एकदम सुटणार, म्हणून दोरीच्या वाटेत बोट येऊ द्यायचे नाही. गंमत अशी, की उतरवायचे असले तरी सुरुवातीला थोडे अधिकच ओढावे लागते. ताणण्याला जेवढे बळ लागते, तेवढेच, किंबहुना काकणभर जास्तच, उतरवण्याला लागते.

या शस्त्राचा धसका युरोपात इतका होता, की ११३९ साली रोमच्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती माणसावर ते चालवू नये असा निर्बंध घातला. तो फारसा कोणी पाळला नाही. साठ वर्षांनी, ११९९ च्या मार्चमध्ये, इंग्लंडचा राजा सिंहहृदयी रिचर्ड फ्रान्समधल्या शालूस येथील एका लहानशा गढीला वेढा घालून बसला असताना तटावरून आलेला आडव्या धनुष्याचा बाण त्याच्या खांद्यात रुतला. जखम चिघळली आणि एप्रिलच्या ६ तारखेला राजा गेला. मरणापूर्वी त्याने त्या तिरंदाजाला समोर बोलावून क्षमा केली, असे त्या काळचे बखरकार सांगतात. आणि राजाचे डोळे मिटताच त्याच्या सरदाराने त्याच माणसाला हाल करून मारले, असेही तेच सांगतात. राजाने उतरवलेली दोरी त्याच्या माणसांना उतरवता आली नाही.

हे आडवे धनुष्य आपल्या किनाऱ्यावर आले ते पोर्तुगीजांबरोबर. ते त्याला ‘बेश्ता’ म्हणत. १४९७ साली लिस्बनहून निघालेल्या वास्को द गामाच्या माणसांपाशी ही धनुष्ये होती. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ ते उतरले, तेव्हाची एक हकीकत त्या सफरीच्या रोजनिशीत आहे. तिथल्या लोकांशी कुरबूर झाली. गामाने आपली माणसे होड्यांत परत घेतली, आणि आम्ही इजा करू शकतो पण करू इच्छित नाही, हे कळावे म्हणून होड्यांवरून नुसते दोन तोफांचे बार काढायला लावले. म्हणजे दोरी उतरवण्याची विद्या त्यांना ठाऊक होती. मे १४९८ मध्ये ती जहाजे कालिकतला पोचली. १५१० मध्ये गोवा आणि १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली. मग मात्र त्या विद्येचा त्यांना विसर पडलेला दिसतो. आमच्या दारातल्या कल्याणावर ते १५३६ मध्ये चालून आले, आणि १५७० मध्ये पुन्हा येऊन त्यांनी गावाबाहेरच्या वस्त्या जाळल्या व लूट नेली, अशी ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात नोंद आहे. तेव्हाची कल्याणची वेस आणि आजची विठ्ठलवाडी यांत अंतर ते कितीसे?

आडवे धनुष्य आपल्याकडे रुजले नाही. ज्या जहाजांतून ते आले, त्याच जहाजांतून तोफा-बंदुकाही आल्या, आणि बंदूक घडवायला आपले लोहार चटकन शिकले. गोव्यातल्या कारागिरांच्या बंदुका बोहेमियातल्यांच्या तोडीच्या असल्याचे खुद्द आफोंसो द आल्बुकेर्कने १५१३ साली आपल्या राजाला कळवले. मराठी फौजेत तिरंदाज राहिले ते उभ्या धनुष्याचे. एक खूण तेवढी भाषेत राहिली. संस्कृतात ‘चाप’ म्हणजे धनुष्य. मराठीत बंदुकीची जी कळ ओढायची तिलाही आपण चापच म्हणतो. धनुष्य गेले, नाव राहिले, आणि नावाबरोबर तो प्रश्नही राहिला. तोड्याची बंदूक रात्रभर ठासून ठेवली आणि शत्रू आलाच नाही, तर सकाळी काय करायचे? एक तर बार हवेत काढायचा, नाहीतर मळसूत्राचे टोक असलेली सळई नळीत घालून गोळी आणि दारू हलक्या हाताने बाहेर ओढायची.

आता आपल्या घरातल्याच दोन गोष्टी आठवू. रामायणात परशुरामाने दिलेल्या वैष्णव धनुष्याला रामाने बाण लावला. परशुराम नमला, पण लावलेला बाण वाया जाऊ नये म्हणून रामाने तो परशुरामाने तपाने मिळवलेल्या लोकांवर सोडला. समुद्रावर रोखलेल्या बाणाचेही तेच. समुद्र शरण आला, तरी बाण उत्तरेच्या द्रुमकुल्य प्रदेशावर पडून तिथे वाळवंट झाले. चढवलेला बाण साक्षात रामालाही कुठेतरी टाकावाच लागला. महाभारतातल्या सौप्तिकपर्वात प्रश्न याहून बिकट होतो. अश्वत्थामा आणि अर्जुन, दोघांची अस्त्रे समोरासमोर पेटली. व्यास आणि नारद मध्ये उभे राहिले. अर्जुनाने आपले अस्त्र मागे घेतले. अश्वत्थाम्याला ते जमेना. त्याने ते उत्तरेच्या गर्भावर वळवले. दोघेही द्रोणाचार्यांचे शिष्य, अस्त्र सोडणे दोघांनाही येत होते. मागे घेणे मात्र एकालाच आले, आणि व्रतस्थ, संयमी माणसाखेरीज ते कोणाला साधत नाही, असे महाभारतकार स्पष्ट सांगतात.

हे पुराणातले झाले, असे कोणी म्हणेल. तर आपल्याच खाडीच्या मुखाशी चला. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला. सुरुंग उडाले, हल्ल्यांवर हल्ले झाले, हजारो मराठे तटाखाली पडले. मे महिन्यात किल्ला नमला, तेव्हा फौजेच्या मनात काय खदखदत असेल याची कल्पना करावी. दोनशे वर्षांचा राग, कल्याणची राख, आणि कालपरवा गेलेले सोबती. इतका ताण बसल्यावर बाण सुटणारच, असे कोणीही म्हटले असते. पण तहात पोर्तुगीज शिबंदीला आपली हत्यारे घेऊन, नगारे वाजवीत, बायकामुलांसह किल्ल्याबाहेर पडण्याची मुभा दिली होती. आठ दिवसांची मुदत होती, आणि तो शब्द पाळला गेला. वसईचा विजय आपण दरवर्षी आठवतो तो चढाईसाठी. मला त्यातले ते आठ दिवस अधिक मोलाचे वाटतात. साडेपाचशे किलोंचा जोर रहाटावर घेऊन हळूहळू उतरवावा, तसे ते काम होते. त्यासाठी चिमाजी अप्पांना तट फोडण्याहून कमी बळ लागले असेल, असे मला वाटत नाही.

आडवे धनुष्य आजही जगातून गेलेले नाही. अमेरिकेत शिकारी ते घेऊन रानात बसतात. दिवस मावळला आणि सावज आले नाही, की त्यांच्यापुढे तोच पेच उभा राहतो. बहुतेक जण बोथट टोकाचा वेगळा बाण लावून तो जवळच्या मऊ मातीत सोडून देतात. अलीकडच्या काही धनुष्यांना तर दोरी उलटी उतरवणारा रहाटच बसवलेला असतो. शेकडो वर्षांनंतर कारागीर पुन्हा त्या जुन्या वाटेवर आला. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि त्या कायद्यातल्या हत्यारांच्या व्याख्येत धनुष्यबाणही मोजले आहेत. तेव्हा आमच्या अंगणातल्या शिकाऱ्याला मातीच्या वाघावरच समाधान मानणे भाग होते.

हे सारे पुराण नातवाला तिथे ऐकवले असते, तर त्याचा हात खरोखरच निसटला असता. मी एवढेच म्हटले, “आधी काडी काढ. तोंड मातीकडे कर. आता दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी सुतळी घट्ट धर आणि थोडी आणखी मागे ओढ.”

“आणखी मागे? मला तर सोडायची आहे!”

“ओढ तर खरा. आता चिमटा दाब. हळू. आणि सुतळीबरोबर हात पुढे ने.”

त्याने ओठ दातांखाली धरून ते केले. कांब हलकेच सरळ झाली, कसलाही आवाज झाला नाही. रांगोळीतल्या ताईने वरही पाहिले नाही. आपल्यामागे काय चालले होते याचा तिला पत्ताच नव्हता. नातवाने मात्र धनुष्याकडे आणि माझ्याकडे अशा काही दिमाखाने पाहिले, की वाटावे, गड सर झाला. मग ते यंत्र दरवाजाशी आडवे ठेवून तो चकली खायला आत पळाला.

थोड्या वेळाने बाहेर आला तो चौथीतल्या दोघा मित्रांना घेऊन. बाण मारून दाखवायचा सोडून तो त्यांना सांगत होता, “थांबा रे, आधी हे उतरवायचं कसं ते बघा.”