वास्कीटापासून बोसेकोपपर्यंत

ध्रुवीय प्रकाशाच्या छायाचित्रांची कुळकथा मी वास्कीटाच्या काजापासून सुरू करतो.

१८९० च्या दशकात क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, कार्ल स्टोर्मर हा गणिताचा विद्यार्थी स्टिर्नचा चपटा, गोल कॅमेरा वास्कीटाखाली बांधून हिंडे. भिंग काजातून डोकावे, कळीची दोरी खिशात. ओळखीचं कुणी आलं की अभिवादन करून तो दोरी ओढी. नाटककार इब्सेनही असेच टिपले गेले. त्या कॅमेऱ्यात एका गोल काचेवर सहा चित्रं येत.

ध्रुवीय प्रकाश टिपण्याचे आधीचे प्रयत्न ठाऊक आहेत. १८८२-८३ च्या हिवाळ्यात उत्तर नॉर्वेतल्या काउतोकेइनोला सोफुस ट्रोमहोल्टच्या काचा कोऱ्या राहिल्या; १८९२ मध्ये तिथल्याच बोसेकोपला मार्टिन ब्रेंडेलला अंधूक का होईना, चित्र मिळालं. एक अडचण रंगाची होती. डोळ्यांना दिसतो तो हिरवा प्रकाश, ५५७.७ नॅनोमीटरचा, साध्या काचांना मात्र निळा-जांभळाच कळे.

१९१० मध्ये स्टोर्मर ध्रुवीय प्रकाश टिपायला बोसेकोपला गेला तो सहकारी क्रोग्नेससोबत तयार केलेला कॅमेरा घेऊन. भिंग सिनेमाच्या कॅमेऱ्याचं, ५० मिलिमीटर, एफ/२. आणि एका काचेवर पुन्हा सहाच चित्रं!

कुणी म्हणेल, प्रतिमा छोटी, काच मोठी, मग सहा घरं पडणारच. शिवाय रचनेत क्रोग्नेसचा हात होता. काचेची बचत मलाही मान्य आहे. पण समोरचा क्षणात पालटणार, पुन्हा तसा उभा राहणार नाही, म्हणून एकाच काचेवर पाठोपाठ टिपत जायचं, ही सवय स्टोर्मरला रस्त्यावरच लागली होती. सहाचा आकडा तिथूनच आला, असा माझा ठाम तर्क आहे.

त्याच मोहिमेत आणि पुढेही टेलिफोनने जोडलेल्या दोन ठाण्यांवरून एकाच क्षणी चित्रं घेऊन, मागच्या ताऱ्यांच्या आधारे त्याने प्रकाशाची उंची मोजली. खालची कड बहुधा १०० किलोमीटरच्या आसपास भरली.

घरात जुना, बॅटरीविना चालणारा फिल्म कॅमेरा असेल तर त्यावर बहुधा तेच ५० मिलिमीटरचं भिंग असेल. नॉर्वेला जाल तेव्हा तो न्या. ४०० ची फिल्म, तिवई, फोकस अनंतावर, पाच ते दहा सेकंद. रोल मात्र हळूच फिरवा. कोरड्या थंडीत घाईने फिरवला तर स्थिर विजेच्या ठिणग्या फिल्मवर उमटतात.